ऑटोमॅटिक अपडेट सारखे बंद पडतात? आधी बंद कोण करतंय ते शोधा

विंडोज अपडेटची सर्व्हिस (पार्श्वभूमीवर चालणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालू केली, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला आणि पाहिलं तर पुन्हा 'डिसेबल्ड'. अशा वेळी शोधाशोध केली की बहुतेक ठिकाणी ठरलेला सल्ला मिळतो: सर्व्हिस पुन्हा चालू करा, स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' ठेवा, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डर रिकामा करा. हा सल्ला वाचून माझा आता संयम सुटतो, कारण तो वेगळ्याच दुखण्यावरचा आहे. तो फोल्डर रिकामा केल्याने अडकलेलं डाउनलोड सुटतं. अपडेट बंद करणारा मात्र जागच्या जागी राहतो आणि पुढच्या वेळी आपलं काम पुन्हा करतो.

विंडोज १० आणि ११ आपली अपडेट सर्व्हिस आपणहून डिसेबल करत नाहीत. उलट ती बिघडली तर दुरुस्त करायला 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' नावाची दुसरी सर्व्हिस पहाऱ्याला ठेवलेली असते. तरीही अपडेट पुन्हा पुन्हा बंद होत असतील तर ते कुणीतरी बंद करतंय: एखादा प्रोग्रॅम, एखादी पॉलिसी (कॉम्प्युटरवर लादलेला नियम) किंवा एखादा व्हायरस.

खरंच बंद आहेत का?

सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज अपडेटसमोर 'रनिंग' दिसत नाही म्हणून घाबरू नका. तिचा मूळ स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल (ट्रिगर स्टार्ट)' असतो. काम निघालं की ती उठते, संपलं की थांबते. तिला 'ऑटोमॅटिक' करून काही मिळत नाही. दोष आहे तो 'डिसेबल्ड' दिसलं तरच.

सेटिंग्जमध्ये अपडेट 'पॉज' केलेले नाहीत ना, आणि वायफाय 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा मोजूनमापून वापरायचं कनेक्शन) म्हणून नोंदलेलं नाही ना, तेही बघून घ्या. विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेली नसेल तर दरमहाचे सुरक्षा अपडेट येणारच नाहीत, त्यात बिघाड काही नाही.

गुन्हेगार शोधणं

सगळी मेख इथे आहे. मीही पूर्वी याच टप्प्यावर अडकून पडायचो. बंद झालेलं पुन्हा चालू करण्याची घाई करू नका, आधी पुरावा बघा.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडा, 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'वर जा आणि फिल्टरमध्ये इव्हेंट आयडी ७०४० टाका. कुठल्याही सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप बदलला की ही नोंद होते. 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस'च्या भरपूर नोंदी दिसतील. ती स्वतःच ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलमध्ये ये-जा करत असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. तुम्हाला हवी आहे ती 'विंडोज अपडेट' सर्व्हिस 'डिसेबल्ड' झाल्याची नोंद. तिच्यातल्या दोन गोष्टी लिहून ठेवा: नेमकी वेळ आणि 'यूझर'.

यूझर म्हणून तुमचं नाव असेल तर तुमच्या लॉगिनखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमने हे केलंय. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये आणि इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत शोधा. 'सिस्टिम' असं असेल तर संशय पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसवर किंवा टास्क शेड्यूलरवर (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) जातो. शेड्यूलर उघडून 'लास्ट रन टाइम'चा रकाना लिहून ठेवलेल्या वेळेशी ताडून बघा. प्रत्येक टास्कची 'हिस्टरी' बहुधा रिकामी दिसेल, कारण ती मुळात बंदच असते. उजवीकडच्या पर्यायांतून ती चालू करा, म्हणजे पुढच्या वेळी पुरावा मिळेल.

आणि ७०४० ची नोंदच नाही, तरीही सर्व्हिस डिसेबल्ड? मग कुणीतरी नेहमीचा रस्ता सोडून थेट रजिस्ट्रीत (विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जचा साठा) 'स्टार्ट'ची किंमत ४ करून ठेवली आहे. मॅन्युअलसाठी ती ३ असते. आडवाटेने असा हात घालणारं हत्यार बहुधा अपडेट अडवण्यासाठीच बनवलेलं असतं.

माझ्या अनुभवात सापडतात ती 'विंडोज हलकं करा', 'वेग वाढवा', 'हेरगिरी थांबवा' असं सांगणारी फुकटची टूल्स आणि चोरीच्या लायसन्ससाठी वापरलेले ॲक्टिव्हेटर. टूल काढण्याआधी त्याच्यातच 'मूळ स्थितीवर आणा' असा पर्याय असेल तर तो वापरा, मग अनइन्स्टॉल करा. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर त्याने केलेले बदल आणि नेमलेली टास्क मागे राहू शकतात. ॲक्टिव्हेटर असेल तर मात्र त्याच्या कुठल्याच बटणावर भरवसा ठेवू नका, सरळ विंडोज नव्याने टाका.

स्टार्टअपला सर्व्हिस जबरदस्तीने चालू करणारी बॅच फाइल (आदेशांची छोटी फाइल) बनवून ठेवू नका. बंद करणारा आणि चालू करणारा दोघे एकाच मशीनवर झुंजत राहतात आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळतो.

पॉलिसी

विंडोज अपडेटच्या पानावर 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत' अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर पॉलिसी लागलेली आहे. मशीन ऑफिसचं असेल तर इथेच थांबा आणि आयटी विभागाला विचारा. तिथे तुम्ही केलेला बदल साधारण दीड-दोन तासांत पुसला जाईल, कारण डोमेनची (ऑफिसच्या नेटवर्कची) पॉलिसी इतक्या अंतराने पुन्हा लागू होते.

मशीन स्वतःचं असेल तर आधी सेटिंग्जमध्ये जुन्या नोकरीचं किंवा कॉलेजचं खातं 'वर्क ऑर स्कूल'खाली जोडलेलं राहिलंय का ते बघा आणि ते काढा. मग ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' हे 'नॉट कॉन्फिगर्ड' करा. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे रजिस्ट्रीत लोकल मशीनच्या शाखेखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट, एयू असं खाली उतरा. 'नो ऑटो अपडेट'ची किंमत १ असेल तर ती नोंद डिलीट करा, पण त्याआधी त्या फांदीचा बॅकअप एक्सपोर्ट करून ठेवा. एडिटर असेल तर क्रम उलटा करू नका. एडिटरमधली पॉलिसी तशीच ठेवून नुसती रजिस्ट्री साफ केली तर नोंद परत उगवते.

व्हायरसची शंका

अपडेटबरोबर डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरसही बंद पडत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून 'ऑफलाइन स्कॅन' करा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे लपून बसलेल्याला पळवाट कमी मिळते. २००८ मध्ये पसरलेला कॉनफिकर हा वर्म (नेटवर्कवर स्वतःहून पसरणारा व्हायरस) अपडेट सर्व्हिस बंद करत असे, म्हणजे तो ज्या भगदाडातून आत शिरला ते बुजवणारा अपडेट पोहोचू नये. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचं भगदाड बुजवणारा अपडेट १४ मार्चला आला होता आणि हल्ला झाला १२ मे रोजी. 'अपडेट बंद ठेवलेलेच बरे' असं कुणी सांगत असेल तर या दोन तारखा त्याच्यासमोर ठेवा.

आता चालू करा

सर्व्हिस 'मॅन्युअल'वर आणा, रीस्टार्ट करा, 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. त्यानंतर काही दिवस ७०४० च्या नोंदींवर नजर ठेवा. डिफेंडर वापरत असाल तर 'अपडेट हिस्टरी'त त्याच्या व्याख्यांचे (व्हायरस ओळखण्याच्या यादीचे) अपडेट नियमित येताना दिसायला हवेत. ते थांबले आणि नवी ७०४० नोंद दिसली, तर तिची वेळ आणि यूझर घेऊन पुन्हा शेड्यूलरकडे वळा.