घरच्या शाळेत विज्ञानाचा आठवडा कसा बसवायचा

घरी शिकणाऱ्या मुलांच्या वेळापत्रकात विज्ञानाला बहुतेक वेळा ‘मंगळवार-गुरुवार, ११ ते १२’ असा रकाना मिळतो आणि महिन्याभरात तो कोलमडतो. गणिताचा धडा तासात संपतो, पण मुगाला मोड यायला दोन दिवस लागतात. पावावर बुरशी धरायला चार-पाच दिवस जातात आणि तुरटीचा स्फटिक बोराएवढा व्हायला दोन-तीन आठवडे. म्हणून प्रयोगाला स्वतःला किती वेळ लागतो ते आधी बघा आणि त्यावरून वार ठरवा. धडा त्याच्या मागून येऊ द्या. पुढची आखणी साधारण ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

आठवड्याचा सांगाडा

रोज सकाळी ८.३० – १० मिनिटं, फक्त नोंदी.
सोमवार – ४५ मिनिटं, वाचन, प्रश्न ठरवणं, अंदाज लिहिणं.
बुधवार – दीड तास, प्रयोग.
शुक्रवार – ४५ मिनिटं, आकृती, तक्ता, निष्कर्ष. शेवटची १० मिनिटं पुढच्या आठवड्याच्या सामानाची यादी.
शनिवार – सामान आणणं.

सकाळी साडेआठलाच का, तर हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा मोजतं. मुलानंही त्याच वेळी मोजला तर आपला आकडा खात्याच्या आकड्याशी ताडून बघता येतो. पर्जन्यमापकाला सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली लागते. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, तळात चार-पाच खडे टाका आणि तळाचा उंचसखलपणा बुडेल इतकं पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. ही खूण विसरली की आकडे पहिल्या दिवसापासून चुकतात. पाऊस नसेल त्या महिन्यांत याच वेळी तापमान, रोपाची उंची, स्फटिकाची लांबी. काही ना काही मोजायला असतंच.

दीड तासातला शेवटचा अर्धा तास आवराआवर आणि ‘पुन्हा एकदा करून बघू’ यासाठी राखून ठेवा. पहिल्या खेपेला प्रयोग फसला की मूल आपणहून काहीतरी बदलून बघतं, आणि नेमकं तेव्हाच आपण घड्याळाकडे बघायला लागतो. प्रत्येक चौथा आठवडा नव्या विषयाविना मोकळा ठेवा. आजारपण, पाहुणे, लग्न यांत राहिलेलं तिथे भरून निघतं.

चालू प्रयोगांची संख्या मर्यादित हवी. एक आठवडे चालणारा, एक दोन-चार दिवसांचा आणि एक त्याच दिवशी संपणारा. याहून जास्त झाले की नोंदी गळायला लागतात आणि ओट्यावर जागा उरत नाही.

दोन दिवसांचा प्रयोग: मूग

बियांना रुजायला काय लागतं, हा प्रयोग बहुतेक घरांत एका वाटीत होतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पाच वाट्या घ्या, प्रत्येकीत १० मूग. पहिलीत कोरडा कापूस. दुसरीत ओला कापूस, वाटी फडताळावर उघडी. तिसरीत उकळून गार केलेलं पाणी दाणे पूर्ण बुडतील इतकं, वर तेलाचा थर. चौथीत ओला कापूस, वाटी फ्रिजमध्ये. पाचवीत ओला कापूस, वाटी बंद कपाटात.

पाचवी वाटी गाळू नका. फ्रिजमध्ये थंडी असते तसा अंधारही असतो. ती वाटी नसेल तर ‘अंधारामुळे रुजलं नाही’ असं कुणी म्हटलं तर आपल्याकडे उत्तर नसतं. तिसऱ्या वाटीतलं पाणी उकळायचं ते त्यात विरघळलेली हवा घालवण्यासाठी, आणि तेल असतं बाहेरची हवा पुन्हा आत शिरू नये म्हणून. मूग आधी भिजवायचे नाहीत. भिजवलेल्या दाण्याने पाणी आधीच पिऊन ठेवलेलं असतं, मग कोरड्या वाटीतही मोड दिसतो आणि सगळाच घोळ होतो. दहा दाणे लागतात कारण मुगात एखाद-दुसरा गणंग, म्हणजे भिजूनही कडकच राहणारा दाणा, असतोच. तीनच दाणे घेतले आणि त्यातले दोन गणंग निघाले तर निकाल उलटा येतो.

बुधवारी सकाळी १० वाजता मांडलं की शुक्रवारी लिहायला बसताना दुसऱ्या आणि पाचव्या वाटीत मोड दिसतात. ‘आले’ किंवा ‘नाही आले’ असं न लिहिता १० पैकी किती ते लिहायचं. नाशिकच्या थंडीत तीन दिवस लागू शकतात, तेव्हा हा प्रयोग सोमवारी मांडा. विदर्भात मे महिन्यात पंख्याखाली कापूस दुपारपर्यंत कडक वाळतो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे पाणी द्या, सर्व ओल्या कापसाच्या वाट्यांना सारखंच. शुक्रवारी फ्रिजमधली वाटी बाहेर काढून ठेवली की सोमवारपर्यंत तेच दाणे रुजतात. थंडीने दाणे मेले नव्हते, थांबले होते, हे मुलाला सांगावं लागत नाही.

बुरशीचा प्रयोगही याच गटातला. बेकरीतल्या पावाच्या तुकड्यावर पाण्याचे चार-पाच थेंब शिंपडा आणि पारदर्शक पिशवीत घालून ती पक्की बंद करा. बुधवारी ठेवा, सोमवारी बघा. पाकिटबंद ब्रेडमध्ये बुरशीरोधक असतं, त्याला जास्त दिवस लागतात. पिशवी कधीही उघडायची नाही आणि शेवटी तशीच कचऱ्यात टाकायची. घरात कुणाला दमा असेल तर हा प्रयोग सोडून द्या.

आठवडे चालणारा: तुरटीचा स्फटिक

हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात हवा दमट असते, पाणी उडत नाही आणि स्फटिक आहे तेवढाच राहतो.

बुधवारी २०० मिली गरम पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली पांढरी तुरटी विरघळवा, रुमालातून गाळा आणि काचेच्या भांड्यात झाकून ठेवा. गुरुवारी सकाळी तळाशी छोटे स्फटिक बसलेले असतात. त्यातला ४-५ मिलिमीटरचा, स्वच्छ कडांचा एक निवडा. त्या दिवशी १० मिनिटांच्या जागी अर्धा तास लागतो, तो धरूनच चला. वरचं निवळ द्रावण दुसऱ्या बाटलीत ओता आणि स्फटिक मासे धरायच्या गळाच्या बारीक दोऱ्याने त्यात लटकवा. शिवणाचा सुती दोरा नको, त्याच्या तंतूंवर चिल्लीपिल्ली स्फटिकं धरतात. तोंडावर कागद बांधा, घट्ट झाकण नको.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याला काहीच उरलं नाही, ही नेहमीची तक्रार असते. द्रावण कोमट होतं किंवा संपृक्त नव्हतं, म्हणून त्याने स्फटिकच विरघळवून घेतला. लटकवण्याआधी चिमूटभर तुरटी टाकून ढवळा. ती विरघळली तर अजून तुरटी हवी. दुपारी खिडकीशी बाटली तापली तरी स्फटिकाच्या कडा गोल होतात. आतल्या खोलीतलं कपाट उत्तम.

त्याच दिवशी संपणारे

हे सोपे असतात. फुलांच्या रसाने आम्ल-अल्कली ओळखायचं असेल तर फक्त रस शिळा नको. जास्वंदीचा किंवा गोकर्णाचा रस बुधवारीच काढा. सोमवारी काढून ठेवलेला रस बुधवारपर्यंत खराब होतो. हळदीच्या कागदाने आम्ल ओळखता येत नाही, लिंबू टाकलं तरी तो पिवळाच राहतो. साबण आणि चुन्याची निवळी यांनी तो लाल होतो, खायच्या सोड्याने जेमतेम. चुना मोठ्यांनीच हाताळावा, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

आकाशाचं वेळापत्रक

सावली मोजायच्या दिवशी बुधवारचा तास ११.४५ ते १.१५ असा सरकवा. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि पुणे साधारण ७३.८५ अंशांवर, म्हणजे सरासरी ३५ मिनिटं मागे. त्यामुळे पुण्यात आखूड सावली ऋतूनुसार १२.१८ ते १२.५० च्या दरम्यान येते. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी खूण करा. मे महिन्यात शून्य सावली (सूर्य थेट डोक्यावर आल्याने उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते ती) बघायला मिळते, पुण्यात १३ तारखेच्या आणि मुंबईत १५ तारखेच्या सुमारास. जुलैअखेरची दुसरी संधी ढगांत जाते, तिच्यावर विसंबू नका.

चंद्राच्या नोंदी वारावर बसत नाहीत, त्या तिथीवर बसवा. शुद्ध द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी ७ वाजता. वद्य पक्षात चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, मुलं झोपून जातात. तेव्हा सकाळी ७ वाजता पश्चिमेकडे बघा, वद्य पंचमी-षष्ठीचा चंद्र आकाशात असतो.

पुस्तक आणि वही

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात. त्यांतले धडे जरूर वाचा, क्रम मात्र ऋतूप्रमाणे लावा. रुजणं, बुरशी आणि पाऊस जून ते सप्टेंबरात, स्फटिक हिवाळ्यात, बाष्पीभवन आणि माठाचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये. माठाचा प्रयोग कोकणातल्या दमट हवेत फिका पडतो. तापमानातला फरक एखादा अंशच आला तर मुलाचं चुकलं असं समजू नका.

वहीत अंदाज सोमवारीच पेनाने लिहायला लावा. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज शुक्रवारी गुपचूप बदलतो. दोन मुलं असतील तर प्रयोग एकच ठेवा. धाकट्याने मोड मोजावेत आणि चित्र काढावं, थोरल्याने लांबी मिलिमीटरमध्ये घेऊन आलेख काढावा.

पुढे एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून) दहावी द्यायची असेल तर विज्ञान व तंत्रज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षा असते. माध्यमिकच्या प्रवेशासाठी वय किमान १४ वर्षं लागतं. त्याआधीच्या वर्षी बुधवारचा दीड तास दोन तासांचा करा आणि त्यांच्या प्रात्यक्षिकांच्या यादीतला एक प्रयोग दर पंधरवड्याला घ्या. घरी होऊ न शकणाऱ्या प्रयोगांची वेगळी यादी करून अभ्यासकेंद्रात चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करा.