गोठून विरघळलेली चिकणमाती पाणी किती धरते, हे नवी मुंबईत बसून कसं तपासायचं

आमची माती तपासणीची लॅब महापे एमआयडीसीत आहे. इथे जमीन कधीच गोठत नाही. तरी लडाखच्या बाजूने तळ्याच्या अस्तराची, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून कुटून बसवतात त्या थराची, माती पोत्यांतून आमच्याकडे येते. लेह साधारण 3,500 मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथे पारा उणे 20च्याही खाली उतरतो. अशा मातीचं काम हातात आलं की नवीन मुलं नेहमीसारखी प्रॉक्टर (कुटल्यावर माती किती घट्ट बसते ती चाचणी) आणि पार्यता (मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं ते) करून रिपोर्ट द्यायला निघतात. तो रिपोर्ट पहिल्या हिवाळ्यापर्यंतच खरा असतो.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मातीचं खरं नुकसान पाण्याच्या प्रवासाने होतं. थंडी वरून खाली सरकते तसं गोठणारं टोक खालच्या मातीतलं पाणी वर ओढून घेतं आणि तिथे बर्फाचे पातळ आडवे पापुद्रे धरतात. पाणी गेलेली शेजारची माती आवळून घट्ट होते. बर्फ विरघळला की पापुद्र्यांच्या जागी भेगा उरतात. म्हणजे ढेकळं आधीपेक्षा घट्ट आणि त्यांच्यामध्ये पाण्याला मोकळी वाट. सरासरी घनता जवळपास तीच दिसते, पण पार्यता दहापट, कधी शंभरपटही वाढते. बहुतेक बिघाड गोठण्या-विरघळण्याच्या पहिल्या तीन ते पाच फेऱ्यांतच होऊन जातो.

सॅम्पल असं बनवा. आयएस 2720 भाग 7 या भारतीय मानकाप्रमाणे ओएमसी (माती सगळ्यात घट्ट बसते तो ओलावा) काढा आणि त्याहून दोनेक टक्के जास्त ओलाव्यावर माती कुटा, कारण अस्तर साइटवरही ओलसर बाजूलाच कुटतात. तुर्भ्याला हार्डवेअरच्या दुकानात 75 मिमीचा पीव्हीसी पाइप मिळतो. त्याचे 6 सेंमी उंचीचे तुकडे कापून घ्या, खालची कड बाहेरून कानशीने धारदार करा आणि आत ग्रीसचा हात फिरवा. कुटलेल्या मातीत तुकडा सरळ दाबून 5 सेंमी माती घ्या. वरचा सेंटीमीटर मोकळाच राहू द्या, माती फुगायला जागा लागते. दर टप्प्याला वेगळं सॅम्पल लागतं: न गोठवलेलं, एक फेरी झालेलं, तीन, पाच आणि दहा. प्रत्येकाची जोडी ठेवा. मग खालून हळूहळू पाणी देऊन भिजवा.

गोठवताना बाजूंना आणि तळाला थर्माकोल, वरच्या तोंडावर थर्माकोल नाही, फक्त घट्ट बांधलेलं प्लास्टिक. थंडी वरूनच शिरली पाहिजे. सगळीकडून शिरली तर भेगांची ठेवण साइटसारखी येत नाही. डीप फ्रीझर उणे 18वर ठेवा. 24 तास गोठवणं, 24 तास विरघळवणं. एका जादा सॅम्पलच्या मध्यभागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) खुपसून ठेवा, म्हणजे आतपर्यंत गोठलं की नाही हे अंदाजावर राहत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, म्हणून फ्रीझरमध्ये कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर हवाच. रात्रीत वीज गेली आणि सॅम्पल विरघळून पुन्हा गोठलं, तर फेऱ्यांची मोजणीच चुकते. प्रत्येक फेरीआधी आणि नंतर वजन करा. वजन घटलं असेल तर प्लास्टिक गळतंय.

जादा सॅम्पल शेवटी गोठलेलं असतानाच हॅकसॉने उभं कापा. कापलेली बाजू लगेच उजेडात तिरकी धरा. करड्या मातीत केसासारख्या चकाकणाऱ्या आडव्या रेषा दिसतील. महाप्याच्या उकाड्यात मिनिटाभरात त्या विरघळू लागतात आणि त्यांच्या जागी ओलसर काळ्या रेघा राहतात. याचा फोटो रिपोर्टला जोडा. साइट इंजिनिअरला तक्त्यापेक्षा तो लवकर समजतो.

आता पाणी धरण्याची मोजणी. इथे बऱ्याच लॅब चुकतात. प्रेशर प्लेट (हवेच्या दाबाने मातीतलं पाणी बाहेर काढणारं उपकरण) लावायची, 33 किलोपास्कल दाबापासून सुरुवात करायची आणि ‘गोठल्याने काही फरक नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं. फरक दिसणारच नाही. 0.1 मिमी रुंदीची भेग साधारण 1.5 किलोपास्कलला, म्हणजे 15 सेंमी पाण्याच्या ओढीलाच रिकामी होते. 33ला पोचेपर्यंत भेगांतलं पाणी कधीच निघून गेलेलं असतं आणि तुम्ही फक्त ढेकळं मोजत असता.

म्हणून सुरुवात लटकत्या पाणी-स्तंभाने करा. सच्छिद्र सिरॅमिक प्लेटचं फनेल, त्याला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक खाली सरकवता येणारं. पाणी उकळून थंड केलेलं घ्या. नळीत एक बुडबुडा अडकला तरी स्तंभ तुटतो. प्लेटवर ओल्या बारीक चिकणमातीचा हात देऊन त्यावर सॅम्पल दाबून बसवा. टोक जितकं खाली, तितकी पाण्याची ओढ जास्त. ही उंची सॅम्पलच्या मध्यापासून नळीच्या टोकापर्यंत मोजा. 5, 10, 15, 30, 60 सेंमी आणि मग 1 मीटर. प्रत्येक पायरीवर वजन स्थिर होईपर्यंत थांबा, वरून छिद्रं पाडलेलं प्लास्टिक असू द्या. त्यानंतर तेच सॅम्पल प्रेशर प्लेटवर. त्याहून कोरड्या टोकाला मातीला लावून व्हॉटमन 42 फिल्टर पेपर, किमान सात दिवस थर्माकोलच्या पेटीत; पेपरने किती ओलावा घेतला त्यावरून मातीची ओढ कळते. जुलैत हा पेपर काट्यावर ठेवल्या ठेवल्या हवेतला ओलावा पितो, म्हणून चिमट्याने उचलून काही सेकंदांत वजन घ्यावं लागतं.

पार्यता लवचिक आवरणाच्या सेलमध्ये (सॅम्पलला रबरी आवरण घालून बाहेरून दाब देतात ते भांडं) काढा आणि भोवतालचा दाब 10-20 किलोपास्कलच्या वर नेऊ नका. अस्तरावर मीटरभर माती असली तरी दाब 20च्या आसपासच असतो. 100 लावलात तर भेगा मिटतात आणि आकडा खोटा चांगला येतो.

कोणत्या ओढीला मातीत किती पाणी उरलं, याच्या आलेखात न गोठवलेली आणि पाच फेऱ्यांची रेषा शेजारी काढा. कोरड्या (जास्त ओढीच्या) टोकाला दोन्ही जुळल्या आणि ओल्या (कमी ओढीच्या) टोकाला दुसरी खाली घसरली, तर अस्तर भेगाळणार. तेव्हा रिपोर्टमध्ये उपायही लिहा: थंडी पोचेल त्या खोलीहून जाड मातीचं पांघरूण हिवाळ्याआधी घालणं, किंवा वाळू आणि बेंटोनाइट (पाण्याने खूप फुगणारी चिकणमाती) यांचं मिश्रण, ज्यावर गोठण्याचा परिणाम बराच कमी होतो. एखाद्या हिवाळ्यात अस्तर उघडं राहून गेलंच, तर थंडी पोचलेला थर उकरून, ओलावा जमवून पुन्हा कुटायला सांगा आणि त्या थराचं नवं सॅम्पल मागवा.