बंद झालेल्या मॉडेलची इलेक्ट्रिक गाडी ‘रेडी’ होत नव्हती : माझा अनुभव

लक्षण : मुख्य बॅटरी ७० टक्के भरलेली, पण बटण दाबलं की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकायचे, रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) टकटक यायची आणि ‘रेडी’ (गाडी चालायला तयार) हा संदेश येतच नव्हता. चार्जिंगही सुरू होईना.

चावीचा सेल बदलला, फ्यूज तपासले, फरक शून्य. सर्व्हिस सेंटर म्हणालं, मुख्य बॅटरीचा अख्खा पॅक बदला, आणि उत्पादन थांबल्यामुळे तो मिळणार नाही. ऐकून डोकंच फिरलं.

दोष १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत होता. मोठ्या पॅकला जोडणारे कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) आणि कंट्रोलर तिच्यावरच चालतात. मल्टिमीटरवर ११.४ दिसले, बटण दाबताच ९ च्या खाली. धडधाकट बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते.

क्रम असा : गाडी बंद, चार्जर काढलेला. काही मिनिटं थांबा. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. टर्मिनलवरचा पांढरा क्षार घासून काढा. त्याच मापाची, त्याच प्रकारची बॅटरी बसवा (एजीएम, म्हणजे काचेच्या तंतूंच्या थरात ॲसिड शोषलेली बॅटरी असेल तर एजीएमच). आता आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. ओबीडी रीडरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) जुने फॉल्ट कोड पुसा. उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही.

‘रेडी’ आल्यावर पुन्हा मोजा. मला १४.२ मिळाले, म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या पॅकमधून छोटी बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक. तेव्हाही १२.५ च दिसले तर नवी बॅटरीही उतरून जाईल. कन्व्हर्टर तपासून घ्या.

जनरल मोटर्सच्या ईव्ही१ या इलेक्ट्रिक गाडीचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं आणि पुढे बहुतेक गाड्या चुरडल्या गेल्या. चांगला पॅक असलेली गाडी एका छोट्या बॅटरीपायी भंगारात देऊ नका, आधी मल्टिमीटर लावा.