जपानी विद्यापीठात एक वर्ष: झेमीत बसायची तयारी इथूनच करा

पुण्यात जपानी शिकणारी मुलं तिकडे जायचं म्हटलं की आधी शिष्यवृत्तीचं विचारतात आणि मग जेवणाचं. अभ्यासाचं फारसं कोणी विचारत नाही, कारण जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ ही वरची पातळी पदरात पडलेली असते आणि भाषा येतेय असं वाटत असतं. मी जपानमधल्या कानाझावा विद्यापीठात वर्षभर शिकले. जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं असं: परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे भाषावर्ग कराच, पण जपानी मुलांच्या बरोबरीनं निदान एका झेमीत, म्हणजे प्राध्यापकांच्या छोट्या चर्चावर्गात, बसा. वर्षाचं चीज तिथे होतं.

आधी जायच्या वाटा. जपानच्या शिक्षण मंत्रालयाची, म्हणजे मेक्स्टची, जपानी भाषा आणि संस्कृतीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. ती मिळालेल्यांना तिथे निक्केनसेइ म्हणतात. दूतावासाच्या किंवा विद्यापीठाच्या शिफारशीनं ती मिळते. दूतावासाकडून जायचं तर साधारण वर्षाच्या सुरुवातीला अर्ज, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत, आणि ऑक्टोबरच्या आसपास प्रयाण. महिन्याला १,१७,००० येन मिळतात, फी माफ असते, येण्याजाण्याचं तिकीटही मिळतं. यातली एक अट नीट वाचा: तुम्ही पदवीपूर्व विद्यार्थी हवेत, आणि वर्ष संपल्यावर परत येऊन आपल्याच विद्यापीठात शिक्षण पुढे चालू ठेवायचं असतं. त्यामुळे तीन वर्षांच्या बी.ए.ला असाल तर दुसऱ्या वर्षातच अर्ज करा. ‘आधी टी.वाय.ची परीक्षा देऊन टाकू, मग बघू’ म्हणणाऱ्या हुशार मुलांची संधी हातची जाते, याचं मला फार वाईट वाटतं. परत आल्यावर कोणत्या वर्गात बसायचं, तिकडचे गुण इथे धरणार का, हे विभागप्रमुखांकडून आधीच लेखी घ्या.

दुसरी वाट दोन विद्यापीठांमधल्या कराराची. यात फी आपल्याच विद्यापीठात भरायची असते, आणि निवड झाली तर जास्सो या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या जपानी संस्थेकडून महिन्याला ८०,००० येन मिळू शकतात. दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांनी सुरुवातीच्या खर्चाचे पैसे जवळ ठेवावेत. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता लगेच हातात पडत नाही, आणि खोलीचं भाडं, गादी-पांघरूण, विमा हे सगळं पहिल्या काही आठवड्यांतच येतं.

कागदपत्रांचं काम तिथे शिस्तीत होतं. मोठ्या विमानतळांवर उतरताच झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचं रहिवासी ओळखपत्र, हातात देतात. राहण्याचं ठिकाण ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा आणि तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमाही काढायचा. तो काढला की दवाखान्याच्या बिलाचे ३० टक्केच आपल्याला भरावे लागतात. वय २० पूर्ण असेल तर पेन्शनचीही नोंद होते. विद्यार्थ्यांना हप्ते पुढे ढकलण्याची सोय आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, तो त्याच खिडकीवर मागा. अर्धवेळ काम करायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते.

आता झेमी. दहा-पंधरा मुलं, एक प्राध्यापक, लांबट टेबल. दर आठवड्याला एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं रेज्युमे करून आणायचा, म्हणजे नेमून दिलेल्या प्रकरणाचा किंवा लेखाचा सारांश, त्यातले मुद्दे आणि शेवटी चर्चेसाठी स्वतःचे प्रश्न. त्याच्या प्रती सगळ्यांना वाटतात, आणि मग ९० मिनिटं त्यावरच बोलणं चालतं. वर्गात आपण शिकलेली ‘देसु-मासु’ची, म्हणजे बोलण्यातली नम्र, भाषा रेज्युमेत चालत नाही, तिथे ‘दे आरु’च्या, म्हणजे लेखी निबंधाच्या, थाटात लिहावं लागतं. ते जमायला वेळ लागतो. म्हणून जायच्या आधी काही महिने जपानी वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख घेऊन दर आठवड्याला त्याचा एक पानी सारांश याच शैलीत लिहा. आपल्या सरांना किंवा मॅडमना दाखवा.

चर्चेत जपानी मुलं एकमेकांचं बोलणं क्वचितच तोडतात. कोणी बोललं नाही तर शांतता पसरते आणि ती चालवून घेतली जाते. त्या शांततेला घाबरू नका. मी एक करायचे: एक प्रश्न घरूनच लिहून न्यायचे आणि पहिल्या वीस मिनिटांत विचारून टाकायचे. एकदा तोंड उघडलं की पुढचं सोपं जातं, आणि सेन्सेई, म्हणजे प्राध्यापकही, मग आपणहून तुमच्याकडे वळून ‘भारतात हे कसं असतं?’ असं विचारतात.

व्याख्यानांच्या वर्गांत वेगळीच परीक्षा असते. तास संपायला पाच-दहा मिनिटं उरली की रिअ‍ॅक्शन पेपरचा छोटा कागद येतो. आज काय समजलं, काय वाटलं, ते हातानं लिहून द्यायचं. बऱ्याच ठिकाणी हे आता ऑनलाइन झालंय, सगळीकडे नाही. फोनवर टाइप करून शिकलेल्या आपल्या पिढीचं घोडं इथेच अडतं: कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, वाचता येतात, पेन हातात घेतलं की आठवत नाहीत. वही घ्या आणि रोज हातानं लिहा, निदान एन-३ पर्यंतच्या कांजी. व्याकरणाची तितकी काळजी नको. वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि नामाच्या मागे प्रत्यय ही सवय मराठी माणसाला जन्मापासून असते, युरोपातून आलेल्या मुलांपेक्षा आपण तिथे पुढे असतो.

ऑक्टोबरमध्ये पोहोचणाऱ्यांनी एक ओळखून असावं. तिथलं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. तुम्ही जाता तेव्हा झेमीतल्या मुलांची आपापसांत ओळख झालेली असते आणि मंडळांची, म्हणजे साकुरूंची, नवी भरतीही उरकलेली असते. तरी मेल करून विचारा, मधेच घेणारी मंडळं बरीच असतात. विद्यापीठ एखादा जपानी विद्यार्थी ट्यूटर, म्हणजे मदतनीस, म्हणून जोडून देतं. त्याच्याकडून फक्त बँकेची कामं करून घेऊ नका, तुमचा रेज्युमे त्याच्याकडून तपासून घ्या.

कानाझावाबद्दल थोडंसं. विद्यापीठाचा काकुमा परिसर गावाबाहेर डोंगरावर आहे, अस्वलांपासून सावध राहायच्या सूचना तिथे खरोखरच लावलेल्या असतात. ‘डबा विसरलात तरी छत्री विसरू नका’ ही तिथली म्हण आपल्या कोकणातही शोभली असती. हिवाळ्यात बर्फ पडतो आणि विजाही कडाडतात. रस्त्यातल्या नळ्यांमधून बर्फ वितळवायला पाणी सोडतात, त्यामुळे साधे बूट तासाभरात भिजतात. रबरी बूट तिथेच घ्या. शाकाहारी असाल तर कॅन्टीनमध्ये नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण सूपमध्ये आणि भाज्यांच्या रश्श्यातही बहुधा माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. खोलीवर वरण-भात करायची तयारी ठेवा. गोडा मसाला घरून न्या, डाळी तिथे ऑनलाइन मिळतात. बाजारातल्या आजीबाई ‘ताबेमाश्शि’ म्हणत काही पुढे करतात, म्हणजे ‘खा गं’. ही कानाझावाची बोली पाठ्यपुस्तकात सापडत नाही, ती बाजारातच कानावर पडते.

वर्षाअखेरीस निक्केनसेइंना बहुतेक ठिकाणी एक मोठा अहवाल लिहावा लागतो. विषय डिसेंबरपर्यंत ठरवा आणि शक्यतो असा निवडा, ज्यात तुमची मराठी कामाला येईल. आपलं तू-तुम्ही-आपण आणि त्यांचं केइगो, म्हणजे आदरार्थी बोलणं, यांची तुलना करायला घेतलीत तर झेमीतली मुलं आपणहून मदत करतात, प्रश्नावली भरून देतात. जानेवारीअखेर सत्र संपलं की पुढचे दोन महिने सुटी असते. अनेक जण गावी जातात, म्हणून प्रश्नावल्या त्याआधीच भरून घ्या.