हार्ड डिस्क गेली असं म्हणण्याआधी

घरचा डेस्कटॉप हँग व्हायला लागला, चालूच होईना किंवा काळ्या स्क्रीनवर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येऊ लागलं की नात्यागोत्यातले लोक मला फोन करतात. मी सगळ्यांना आधी एकच विचारते: या डिस्कमध्ये असं काय आहे, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही? मुलांचे फोटो, प्रबंध, हिशोबाच्या फाइली असं काही असेल, तर कॉम्प्युटर बंद करा आणि पुढचं सगळं वाचून होईपर्यंत चालू करू नका. तसं काहीच नसेल, तर बिनधास्त प्रयोग करा. फार तर एक डिस्क जाईल.

हा प्रश्न आधी विचारायचं कारण असं, की घरात ‘दुरुस्ती’ म्हणून जे केलं जातं, त्यातलं बरंचसं डिस्कवर काहीतरी लिहीत असतं. विंडोज विचारतं, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ किंवा ‘इनिशियलाइज करायची का?’ आणि घाबरलेला माणूस ‘हो’ दाबून मोकळा होतो. दोन्ही ठिकाणी ‘नाही’ म्हणा. चालू होताना विंडोज आपणहून डिस्क तपासायला लागलं, तर एखादी कळ दाबून ती तपासणी टाळण्यासाठी काही सेकंद मिळतात. तेवढ्यात ती टाळा. या तपासणीचं, म्हणजे ‘चेकडिस्क’चं, काम फाइलसिस्टीमचा (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, या नोंदींचा) हिशोब जुळवण्याचं आहे, तुमच्या फाइली वाचवण्याचं नाही. हिशोब जुळत नसेल तर ती फाइलींचे तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून देते, आणि बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले छोटे कप्पे) शोधायला सांगितलंत तर मरायला टेकलेली डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंजून काढते. चांगल्या डिस्कवर ती जरूर चालवा. आजारी डिस्कवर, प्रत काढण्याआधी, अजिबात नको.

आधी कान, मग हात

कॅबिनेटची एक बाजू उघडा. त्याआधी वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा, डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर चार्ज धरून राहतात.

आता पुन्हा वायर लावून मशीन चालू करा आणि नुसतं ऐका. धडधाकट डिस्क एका सुरात चढत जाणारी घरघर करते, दोनचार मऊ टिकटिक आवाज येतात आणि मग ती एकसारखी गुणगुणत राहते. ठरावीक अंतराने टक्... टक्... टक्... असा आवाज येऊन डिस्क थांबत असेल, तर बहुतेक वेळा हेडला (डेटा वाचणाऱ्या टोकाला) तबकडीवरच्या (डेटा साठवणाऱ्या फिरत्या चकतीवरच्या) खुणा वाचता येत नाहीत आणि ते पुन्हापुन्हा मागे जाऊन नव्याने शोधतंय. फिरण्याचा आवाजच नाही, फक्त बारीक बीप किंवा गुरगुर आहे, म्हणजे मोटर अडकली आहे किंवा हेड तबकडीला चिकटून बसलंय.

असा आवाज ऐकला की बंद करा. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. वाकलेलं हेड तसंच चालू ठेवलं, तर ते तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडतं, आणि खरवडलेला थर कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला हमखास मिळेल. ऐकू नका, आत पाणी जमतं. टपली मारू नका. झाकण उघडू नका. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून बसवणंही बहुतेक वेळा फुकट जातं, कारण त्या एकाच डिस्कसाठी कारखान्यात जुळवलेले आकडे तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. डेटा महत्त्वाचा असेल, तर ही डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्यायची.

एक अपवाद तपासून बघण्यासारखा आहे. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना दोन अँपिअरच्या आसपास करंट मागते. एसएमपीएस थकला असेल किंवा डिस्क एखाद्या स्वस्त स्प्लिटरवर (एका प्लगचे दोन करणाऱ्या वायरवर) लटकत असेल, तर ती फिरायला लागते, व्होल्टेज पडतं, थांबते, पुन्हा फिरते. ऐकायला हेही टकटकीसारखंच वाटतं. म्हणून एकदा, फक्त एकदाच, एसएमपीएसमधून येणाऱ्या दुसऱ्या वायरवरचा प्लग थेट लावून बघा.

आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. ज्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या होतात, त्याला दुसऱ्या एसएमपीएसची वायर लावू नका. प्लग अगदी बरोबर बसतो, पण डब्याच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक मॉडेलमध्ये एकच असेल असं नाही. जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे १२ गेले की चांगली डिस्क क्षणात जळते.

केबल: सगळ्यात दुर्लक्षित वस्तू

बिघाड केबलमध्ये आणि बदलली जाते डिस्क, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एका ओळखीच्यांच्या मशीनवर मोठी फाइल कॉपी करताना सगळं काही सेकंद गोठायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. नवी डिस्क घ्यायचं ठरलंही होतं. मी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून ‘स्मार्ट’चे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे पाहिले. बाकी सगळं शून्य, फक्त सी७ या ओळीत मोठा आकडा. ही ओळ सीआरसी चुकांची: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यात डेटा बिघडला, म्हणून पुन्हा पाठवावा लागला. तबकडीशी तिचा संबंध नाही. कॅबिनेट उघडलं तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी लाल साटा केबल प्लगच्या तोंडाशीच काटकोनात मोडलेली, कारण बाजूचा पत्रा लावला की तो तिच्यावर दाबून बसत होता. केबल बदलली, वळण मोकळं ठेवलं, गोठणं थांबलं.

सी७चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही. तो आयुष्यभराचा मोजणारा आहे. म्हणून आकडा कागदावर लिहून ठेवा, केबल बदला, दोनचार मोठ्या फाइली कॉपी करा आणि परत बघा. तिथेच थांबला असेल तर दुखणं मिटलं. वाढतच असेल तर मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून बघा.

स्मार्टच्या बाकी ओळी

क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतं, म्हणजे तिथे १० दिसले तर ते सोळा असतात. सेटिंगमध्ये जाऊन ते दशमान करून घ्या. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत अवाढव्य आकडे दिसतात. त्यांना घाबरू नका, ती त्या कंपनीची मोजायची पद्धत आहे. लिनक्सवर हेच सगळं स्मार्टसीटीएल दाखवतं.

बघायच्या ओळी तीन. ०५ म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर, ज्यांच्या जागी राखीव सेक्टर दिले गेले. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालासाठी ताटकळत असलेले सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः केलेल्या तपासणीतही न सुधारलेले. यातली सी५ नीट समजून घ्या, कारण ती फसवते. त्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं गेलं की डिस्क तेव्हाच निकाल लावते: लिहिता आलं तर सेक्टर पुन्हा कामाला, नाही आलं तर ०५मध्ये जमा. म्हणून फॉरमॅट मारल्यावर सी५ अनेकदा शून्य होतं आणि ‘डिस्क बरी झाली’ असं वाटतं. बरं काही झालेलं नसतं, त्या जागचा डेटा मात्र गेलेला असतो.

०५मध्ये थोडे सेक्टर आहेत आणि आकडा आठवडेच्या आठवडे हलत नाही, तर अशी डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला वापरता येते. वाढू लागला की तिच्यावर विसंबू नका. तिन्ही शून्य असूनही डिस्क अचानक जाऊ शकते. स्मार्टने धोका दाखवला तर तो खरा माना, ‘सगळं ठीक’ म्हणालं तर त्यावर झोपू नका.

प्रत काढणे

डिस्क फिरतेय, दिसतेय, पण सी५ वाढतंय, तर एकेक फोल्डर ओढून कॉपी करत बसू नका. विंडोज एकाच खराब सेक्टरवर डोकं आपटत बसतं आणि डिस्कचं उरलेलं आयुष्य तिथेच खर्च होतं. यासाठी डीडीरेस्क्यू हा प्रत काढणारा प्रोग्रॅम आहे. सिस्टीमरेस्क्यू नावाच्या लिनक्समध्ये ते तयार मिळतं. पेनड्राइव्हवरून बूट करा आणि आजारी डिस्क माउंट न करता (म्हणजे तिच्यातल्या फाइली उघडण्यासाठी न जोडता) ते चालवा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा नोंदवहीत टिपतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. ही नोंदवही, म्हणजे मॅपफाइल, द्यायला विसरू नका. ती असली की मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा खरवडू नका, असा पर्याय द्या. पुन्हा प्रयत्न करायला नंतर सांगता येतं.

ज्या डिस्कवर प्रत घ्यायची, ती मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. आणि एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर त्यांच्यावरच्या लेबलशी ताडून बघा. लिनक्स त्यांना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ म्हणतं, पण ही नावं दरवेळी तीच राहतील असं नाही. उलटसुलट झालं तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर उतरेल. प्रत पूर्ण झाली की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा. चेकडिस्क, रिकव्हरीची सॉफ्टवेअर, जे काय करायचं ते प्रतीवर.

डिस्क निर्दोष असते तेव्हा

फाइली बिघडतायत, पण दरवेळी वेगळ्या. झिप उघडताना चूक येते, तीच पुन्हा कॉपी केली तर उघडते. निळी स्क्रीन येते आणि कारण रोज बदलतं. स्मार्ट स्वच्छ असताना हे होत असेल, तर रॅमवर संशय घ्या. डिस्कवर जाणारा सगळा डेटा रॅममधून जातो, तिथेच एखादा बिट उलटला की डिस्क तो बिघाड इमानेइतबारे जपून ठेवते. बायोसमधलं (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, बंद करा, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू द्या. एक चूक दिसली तरी ती जास्तच. मग एकेक काडी वेगळी लावून तपासा आणि स्लॉटही बदलून बघा.

मशीन एकदम बंद पडून परत सुरू होत असेल, तर विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. कर्नल-पॉवर ४१ नोंद असेल, तर मशीन व्यवस्थित शटडाउन न होता थांबलं एवढंच ती सांगते; एसएमपीएस आणि तापमान आधी बघा. ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांक दिसला तर बॅड ब्लॉक, १५३ असेल, किंवा स्टोरेज ड्रायव्हरच्या नावाखाली १२९ असेल, तर केबल किंवा पॉवरही कारण असू शकतं.

घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेवर गेलंय आणि विंडोज उघडत नाही, हा जोड दिसला तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तो संपला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, डिस्कचा मोड एएचसीआयवरून (मदरबोर्डने साटा डिस्कशी बोलायच्या नेहमीच्या पद्धतीवरून) दुसरीकडे सरकू शकतो, आणि चांगली डिस्क असून बूट होत नाही. मोड पूर्ववत करा. नवीन एम.२ एसएसडी (तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारी, थेट मदरबोर्डवर बसणारी डिस्क) बसवल्याबरोबर जुनी डिस्क गायब झाली असेल, तर मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच बोर्डांवर तो स्लॉट भरला की एकदोन साटा पोर्ट बंद होतात.

एसएसडीला आवाज नसतो आणि ती अनेकदा पूर्वसूचना न देता नाहीशी होते. तिच्यातून चुकून काही डिलीट झालं तर त्याच क्षणी मशीन बंद करा, कारण ट्रिम नावाची सोय ती जागा पुसून टाकते आणि मग रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला काही उरत नाही.

नवी डिस्क आली की डेटा टाकण्याआधी स्मार्टची लांबवाली चाचणी पूर्ण चालवा. मोठ्या डिस्कला ती अनेक तास घेते. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे त्या दिवशीचे आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहा आणि ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. काढलेली जुनी डिस्क बॅकअपसाठी वापरू नका.