ड्रोनला थेट बॅटरी लावू नका: एफपीव्हीतला बिघाड शोधायची माझी पद्धत

अमळनेरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसा शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल भरायच्या, संध्याकाळी एफपीव्ही ड्रोन जोडायचे, म्हणजे गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवतात ते. आसपासची पोरं आपापला अर्धवट जोडलेला ड्रोन घेऊन येतात आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: "काका, बॅटरी लावी आन् धूर निंघना." म्हणजे बॅटरी लावली आणि धूर निघाला. धूर निघाल्यावर शोधण्यासारखं फारसं उरत नाही, बोर्ड बदलायचा. म्हणून इथे लिहितोय ते बरंचसं धुराच्या आधीचं आहे.

करंटची वाट डोक्यात पक्की ठेवा. बॅटरीतून ईएससीत (मोटरांचा वेग सांभाळणारा बोर्ड), ईएससीतून एकीकडे चार मोटरांना, दुसरीकडे फ्लाइट कंट्रोलरला म्हणजे एफसीला, आणि एफसीकडून रिसीव्हर, कॅमेरा, व्हीटीएक्स (चित्र पाठवणारा ट्रान्समीटर). तपासणीही याच क्रमाने. सगळं होईपर्यंत प्रॉप (मोटरीवरची पाती) डब्यात. त्यावर चर्चा नाही.

आधी मल्टिमीटर बीपवर लावा आणि एक्सटी६० च्या, म्हणजे बॅटरीच्या कनेक्टरच्या, प्लस-मायनसला टेकवा. कपॅसिटर लावलेला असेल तर क्षणभर बीप वाजून थांबेल. तो कपॅसिटर चार्ज होतोय, घाबरू नका. सलग वाजतच राहिला तर शॉर्ट आहे. मग बघायचं कुठे? बॅटरीच्या पॅडजवळ सुटलेली तार, ईएससीखाली घरंगळलेला सोल्डरचा मणी, नाहीतर फ्रेम. कार्बन फायबरमधून करंट जातो हे पोरांना पटत नाही. फ्रेमच्या आर्मच्या (मोटर बसते त्या दांड्याच्या) कापलेल्या कडेला मल्टिमीटरच्या दोन्ही पिना दाबून धरा, स्वतःच बघा. त्यामुळे सोलवटलेली वायर फ्रेमला टेकली की खेळ संपला.

आता सिरीज लॅम्प. मोटर भरणाऱ्याच्या टेबलावर तो असतोच. भरलेली मोटर आम्ही कधी थेट लाइनवर टाकत नाही, आधी बल्बातून. ड्रोनवाल्यांना हीच वस्तू 'स्मोक स्टॉपर' नावाने विकत मिळते. घरी करायची तर कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, एक्सटी६० ची एक नर-मादी जोडी घ्या आणि प्लसच्या वायरमध्ये बल्ब टाका. ४एस (चार सेलची) बॅटरी पूर्ण भरली की १६.८ व्होल्ट देते, तेवढं हा बल्ब थोडा वेळ सोसतो. ६एस म्हणजे २५.२ व्होल्ट, तिथे ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब लावा. बॅटरी जोडल्यावर बल्ब लपकन लागून विझला किंवा अगदी मंद राहिला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर लगेच काढा. शॉर्ट आहे, पण बोर्ड वाचला. बल्बावर मोटरी मात्र फिरवायच्या नाहीत, तेवढा करंट त्यातून जातच नाही.

ईएससी आणि एफसी वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर बल्बाच्याही आधी एक काम करा. दोघांमध्ये आठ पिनांची बारीक वायरची पट्टी येते. सॉकेट दोन्हीकडे सारखंच दिसतं, पट्टी बसतेही खट्‌कन, पण पिनांचा क्रम सारखा असेलच असं नाही. एकाकडे जिथे बॅटरीचा प्लस आहे तिथे दुसऱ्याकडे मोटरचा सिग्नल असू शकतो. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरला १६ व्होल्ट मिळाले की तो तिथेच गेला. म्हणून पट्टी फक्त ईएससीत लावा, एफसीकडचं टोक मोकळं ठेवा. मल्टिमीटरची एक पिन ईएससीच्या बॅटरी प्लसवर, दुसरी मोकळ्या टोकाच्या एकेका पिनेवर. बीप वाजेल ती पिन एफसीवर 'बॅट' छापलेल्या जागेसमोरच यायला हवी. मायनसचंही तसंच. जुळत नसेल तर सुईच्या टोकाने सॉकेटची प्लास्टिकची जिभली हलकी उचला, वायर बाहेर येते, योग्य खाचेत घाला. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. घाईत लोक हेच सोडतात आणि नंतर एफसी डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

पॉवर नीट आली की कान द्या. ईएससीला करंट मिळाला की मोटरी तीन सूर वाजवतात. एफसीचा सिग्नल पोचला की पुढे आणखी दोन, आधी खालचा मग वरचा. फक्त तीन वाजून शांत झाल्या तर ईएससी जिवंत आहे, सिग्नल येत नाही. पट्टी आणि बीटाफ्लाइटमधलं (एफसीच्या सॉफ्टवेअरमधलं) मोटर प्रोटोकॉलचं सेटिंग बघा. चारपैकी एकच मोटर गप्प असेल तर ती मोटर किंवा तिचा ईएससी.

हे माझ्या धंद्यातलं, म्हणून सविस्तर सांगतो. मोटर नुसती थरथरते, फिरत नाही, म्हणजे तीनपैकी एक फेज तुटली आहे. शेतातल्या थ्री फेज मोटरचंही हेच असतं, एक फेज गेली की घूं घूं करते पण उठत नाही. आधी तिन्ही पॅडचे टाके भिंगाखाली बघा. टाका मळकट आणि दाणेदार दिसतोय, वायर हलवली की कडेला केसाएवढी भेग दिसते, तर ड्राय सोल्डर. टाके चांगले असतील तर मोटर सोडवा. तिच्या दोन वायरी एकमेकींना टेकवा आणि घंटा, म्हणजे वरचा फिरणारा भाग, बोटाने फिरवा. मोटर अडखळत, जड फिरली पाहिजे. तिन्ही जोड्या अशा करून बघा. एखादी वायर जोडीत आली की मोटर मोकळी फिरते, तर त्या वायरची फेज ओपन आहे. उलट, वायरी मोकळ्या असतानाही मोटर जड वाटली तर आत शॉर्ट. एवढ्याशा वाइंडिंगचा रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरला धड मोजता येत नाही, बोटाला मात्र फरक लगेच कळतो.

वाइंडिंग आणि मोटरची बॉडी यांत बीप वाजता कामा नये. वाजलाच तर मोटरला शिव्या देण्याआधी स्क्रू बघा. ५ मिलिमीटर जाड आर्मला ८ चा स्क्रू बहुतेक बरोबर बसतो, १० चा थेट तांब्यात घुसू शकतो. बाजूने टॉर्च मारली की टोक दिसतं.

मोटर चांगली निघाली तर ईएससी. बॅटरी काढून मोटरचा एकेक पॅड आधी प्लसशी आणि मग मायनसशी तपासा. जिथे बीप तिथला फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) उडाला. शंका राहिलीच तर दोन मोटरी अदलाबदल करा. दोष मोटरीबरोबर गेला तर मोटर, जागेवर राहिला तर ईएससी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळत नाही.

सोल्डरिंगबद्दल थोडं. रेडिओवाल्याची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न बॅटरीच्या पॅडला पुरत नाही, तिथलं जाड तांबं उष्णता ओढून घेतं. ६० वॅटची, रुंद टोकाची घ्या. पेस्ट राळेची हवी. पत्रेवाल्याकडची ॲसिडची पेस्ट नको, बोर्ड खाऊन टाकते.

रिसीव्हर ईएलआरएस (रिमोटशी जोडणारी एक रेडिओ सिस्टीम) असेल तर त्याचा दिवाच सगळं सांगतो. स्थिर लागला तर रिमोटशी जोडला गेलाय. सावकाश लुकलुकतोय तर रिमोटची वाट बघतोय; बाइंडिंग फ्रेज (रिमोट आणि रिसीव्हरची जोडी जमवणारा शब्द) आणि दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरचा पहिला आकडा जुळवा, ३ ला ३ च लागतो. भराभर लुकलुकतोय तर वायफायमध्ये गेलाय. दिवा स्थिर, पण बीटाफ्लाइटमधल्या पट्ट्या हलत नाहीत, तर टीएक्स-आरएक्स (सिग्नल पाठवणारी आणि घेणारी वायर) उलटे लागलेत किंवा पोर्ट्समध्ये त्या यूआर्टसमोर (एफसीच्या ज्या पोर्टला रिसीव्हर जोडलाय त्यासमोर) सिरीयल आरएक्स चालू केलेलं नाही. एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जातो, टीएक्सला टीएक्स नाही.

सगळं बरोबर असूनही ड्रोन आर्म होत नसेल, म्हणजे मोटरी चालू व्हायला तयार होत नसेल, तर सीएलआयमध्ये (बीटाफ्लाइटच्या कमांडच्या खिडकीत) 'स्टेटस' टाइप करा, कारण लिहून येतं. तिथे सीएलआय आणि एमएसपी दिसणारच, कॉम्प्युटर जोडलेला आहे म्हणून. बाकीची वाचा: 'थ्रॉटल' म्हणजे स्टिक पूर्ण खाली नाही, 'आरएक्सलॉस' म्हणजे रिमोटचा सिग्नल नाही.

चित्राचं सोपं आहे. गॉगलमध्ये नुसत्या मुंग्या दिसल्या तर चॅनल किंवा व्हीटीएक्स. ॲनालॉगमध्ये अक्षरं दिसतात पण मागे काळं, तर कॅमेरा किंवा त्याची वायर. थ्रॉटल दिला की पट्टे येतात, तर बॅटरीच्या पॅडवरच, जमतील तितके आखूड पाय ठेवून, लो ईएसआरचा (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) १००० मायक्रोफॅरॅड ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावा.

व्हीटीएक्सला अँटेना लावल्याशिवाय करंट द्यायचा नाही, जळतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, अँटेना लावूनही टेबलावर पाच मिनिटं चालू ठेवू नका. उडताना त्याला वारा मिळतो, टेबलावर नाही. मी टेबलफॅन थेट ड्रोनवर लावतो आणि व्हीटीएक्स सर्वांत कमी पॉवरवर ठेवतो.