आधी चिठ्ठी, मग आरसा

डेंटल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची मुलं ओपीडीत पहिल्यांदा येतात, तेव्हा मी त्यांना पेशंट देत नाही. हातात एक कोरा कागद देते आणि स्वतःच्या तोंडाबद्दल लिहायला सांगते. मग त्यांचंच तोंड तपासून दोन्ही जुळतात का ते बघतो. पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली, आणि दर बॅचकडून मी हे करून घेते. तुमच्या बॅचमध्ये करायचं असेल किंवा इंटर्नशिपमध्ये छोटा प्रोजेक्ट हवा असेल, तर ते कसं करायचं ते सांगते.

सगळं क्रमावर आहे. मत आधी लिहून घ्यायचं, तपासणी नंतर. आरशात न्याहाळून, जिभेनं दात चाचपून लिहिलेलं उत्तर म्हणजे अर्धी तपासणीच झाली, ते मत राहत नाही. म्हणून मोबाइल आधी टेबलावर ठेवायला लावा, पाच मिनिटं द्या आणि कागद परत घ्या. नाव नको, फक्त क्रमांक. चिठ्ठ्या पाकिटात बंद करून तपासणाऱ्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

प्रश्न मोजके ठेवा, पण नेमके विचारा. "हिरड्या कशा आहेत?" असं विचारलं की सगळे "बऱ्या आहेत" लिहितात. त्याऐवजी "गेल्या महिन्यात ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं का?" असं विचारा. "किती दात किडलेत असं वाटतं?" याचं उत्तर आकड्यातच घ्या. कुठल्या दातांवर टार्टर, म्हणजे कडक झालेला थर, असेल, थंड पाण्यानं कळ येते का, हसताना तोंडावर हात जातो का, हेही विचारा. शेवटी एकूण तोंडाच्या आरोग्याला फार चांगलं ते फार वाईट अशा पाच पायऱ्यांपैकी एक निवडू द्या. हिरोशिमा विद्यापीठात माकोतो कावामुरा यांनी १९८८ मध्ये वीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली आणि अनेक देशांतल्या डेंटलच्या विद्यार्थ्यांवर ती वापरली गेली. तीही जोडता येते. पण तिचा भर सवयींवर आणि दृष्टिकोनावर आहे, त्यामुळे वरच्या साध्या प्रश्नांची जागा ती घेत नाही.

आता तपासणी. जिवलग मित्रानं मित्राला तपासू नये, हात आपोआप हलका पडतो. दोन तपासनीस नेमा. त्यांनी आधी तीच आठ-दहा तोंडं एकमेकांना न विचारता तपासून निकाल जुळवावेत, आणि पुढे अधूनमधून एखादं तोंड दुसऱ्यांदा तपासावं. किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात मोजायला १९३८ पासून चालत आलेला डीएमएफटी हा निर्देशांक पुरतो. एक्सप्लोरर, म्हणजे कीड चाचपायची टोकदार सळई, दाढेच्या खाचेत खुपसू नका, सुरुवातीच्या किडीचा पृष्ठभाग त्यानं मोडतो. डब्ल्यूएचओ प्रोब घ्या, म्हणजे टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी आणि वर काळा पट्टा असलेली मोजायची सळई. हिरडीच्या फटीत तो घातल्यावर काळा पट्टा पूर्ण बाहेर दिसत असेल, तर खोली साडेतीन मिलिमीटरच्या आत आहे. दात किती स्वच्छ आहेत ते मोजायला ग्रीन आणि व्हर्मिलियन या संशोधकांचा १९६४ चा निर्देशांक घ्या. सहाच दात बघायचे, पण खालच्या दोन दाढांची जिभेकडची बाजू. ब्रश सगळ्यात कमी पोचतो तो तिथेच.

या जिभेकडच्या बाजूवर मी मुद्दाम थांबते. मी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या मॅडमनी हेच आमच्याकडून करून घेतलं होतं. माझ्या चिठ्ठीत मी "फार चांगलं" लिहिलं होतं. दिवसातून दोनदा ब्रश, एकही कीड नाही, कधी दात दुखला नाही, मग दुसरं काय लिहिणार? माझ्या बॅचमेटनं खालच्या पुढच्या चार दातांची मागची बाजू हवेनं सुकवली. ओलं असताना जे दातासारखंच दिसत होतं, ते सुकल्यावर खडूसारखं पिवळट उठून आलं. हिरडीच्या कडेनं सलग पट्टी होती. तिनं प्रोब अलगद फिरवला, दहा सेकंद थांबली आणि आरसा माझ्या हातात दिला. दातांच्या मधल्या त्रिकोणांवर रक्ताचे तीन बारीक ठिपके उमटले होते. मला काहीच जाणवलं नव्हतं. जिभेखाली लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात, लाळेतले क्षार तिथल्या थरावर बसतात आणि टार्टर होतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. स्वतःच्या तोंडात ते असेल असं मात्र मनातही आलं नव्हतं.

म्हणून माझ्या मुलांना सांगते, आपण तोंडाचा निकाल दुखण्यावर आणि दिसण्यावर लावतो. हिरड्यांची सूज बहुतेक वेळा दुखतच नाही. दोन दाढांच्या मधली कीड समोरून दिसत नाही, तिला बाइटविंग एक्स-रे लागतो. उलटंही घडतं. वेडेवाकडे दात असलेली एक मुलगी "वाईट" लिहून बसली होती. तपासलं तर एकही दात किडलेला नाही, हिरड्या गुलाबी आणि घट्ट. खाचेतला काळा डाग म्हणजे कीड, असं धरून तीन दात मोजणारेही भेटतात. आणि कुणी सिगारेट किंवा बिडी ओढत असेल, तर रक्त आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. धूम्रपानानं रक्तस्राव दबलेला असू शकतो.

निकाल जुळवताना नुसती टक्केवारी काढून थांबू नका. समजा पन्नास जण आहेत. तपासणीत वीस जणांच्या हिरड्यांतून रक्त आलं, त्यांतल्या आठ जणांनीच चिठ्ठीत "हो" लिहिलं होतं. उरलेल्या तिसांपैकी सत्तावीस जणांनी "नाही" लिहिलं. पन्नासांपैकी पस्तीस जुळले, म्हणजे ७० टक्के. ऐकायला छान वाटतं. पण ज्यांना खरोखर त्रास आहे त्यांतल्या ४० टक्क्यांनाच तो माहीत आहे. योगायोगानं जुळणारा भाग वजा करून "कप्पा" (kappa) नावाचा आकडा काढतात, पूर्ण जुळलं तर तो १ येतो. इथे तो ०.३२ च्या आसपासच येतो. संवेदनक्षमता (त्रास असलेल्यांपैकी किती जणांनी "हो" लिहिलं), विशिष्टता (त्रास नसलेल्यांपैकी किती जणांनी "नाही" लिहिलं) आणि कप्पा हे तिन्ही आकडे प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे मांडा.

न जुळलेल्या चिठ्ठीला कुणी खोटं म्हणू नये, यावर मी फार कडक आहे. थंडाची कळ किंवा हसायची लाज प्रोबला कळत नाही, ती ज्याची त्यालाच ठाऊक. शिवाय डीएमएफटी काल भरलेला आणि दहा वर्षांपूर्वी भरलेला दात सारखाच मोजतो. तपासणीला एक बाजू दिसते, माणसाला दुसरी. प्रोजेक्ट म्हणून करणार असाल तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि प्रत्येकाची लेखी संमती आधी घ्या. परीक्षेच्या गुणांशी याचा संबंध नाही, हेही स्पष्ट सांगा.

पाकीट फोडल्यावर प्रत्येकाला त्याचे दोन्ही कागद एकट्यात द्या, वर्गात वाचू नका. टार्टर असेल तर त्याच आठवड्यात स्केलिंग करून, म्हणजे खरवडून, काढून घ्या. मग ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत धरून, खालच्या दातांच्या मागून कसा फिरवायचा ते आरशात दाखवा. डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं होतं. त्यांत बहुतेक डेंटलचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीच होते. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई सुरू केल्यावर पुन्हा बऱ्या झाल्या. हा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून मी तीन आठवड्यांनी बॅचला परत बोलावते. तेव्हाही आधी चिठ्ठीच घेते.